सव्वादोन किलो कापडाआधीचे बावन्न दिवस

सांगलीच्या गावभागातील आमचे घर माझ्या वडिलांनी 1979 साली बांधले. खाली दुकानाचा गाळा, वर आमचे राहते घर आणि त्यावर गच्ची. गाळ्याच्या छताला अठरा फूट लांबीच्या दोन तुळया आहेत, नऊ इंच रुंद आणि अठरा इंच खोल, आणि वरच्या मजल्याचा सगळा संसार त्यांच्यावर उभा आहे. 2021 च्या पुरानंतर गाळ्याच्या भिंती खरवडताना रंगाऱ्याने उत्तरेकडच्या तुळईच्या तळाशी तिच्या लांबीने धावणारी एक बारीक चीर मला दाखवली आणि पुट्टी भरून वर रंग मारू का, असे विचारले. मी होकार दिला, ही माझी चूक झाली. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच जागेवरून ओंजळभर काँक्रीट त्या पुट्टीसकट खाली पडले आणि आतली तांबडी झालेली सळई उघडी पडली.

तुळईवरच्या चिरांना दिशा असते आणि ती पाहावी लागते, हे मला त्यानंतर कळले. भाराने वाकणाऱ्या तुळईला मध्यभागी तळाकडून वर जाणाऱ्या उभ्या चिरा पडतात, आधाराजवळ कापली जाणारी तुळई तिरप्या चिरा दाखवते, पण सळईच्या बरोबरीने लांबवर धावणारी चीर ही आतून आलेली असते. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते आणि ती जागा तो भोवतालचे काँक्रीट फोडून मिळवतो. आमची चीर ही अशी होती, आणि मी तिच्यावर रंग मारून घेतला होता.

गल्लीत जो तो म्हणाला की हा महापुराचा परिणाम. ते खरे वाटण्यासारखेच होते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या गाळ्यात कित्येक दिवस पाणी साचून होते. पुण्याच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितले, "ताई, पाडून टाकू आणि नवीन बांधू." पूररेषेच्या आतल्या जागेत ते बोलण्याइतके सोपे नसते, आणि खरे सांगायचे तर माझी पाडायची इच्छाही नव्हती. मग एका कंत्राटदाराला बोलावले. त्याने तुळईकडे खालूनच पाहिले, खराब भाग फोडून मसाला भरतो, वरून कार्बनच्या कापडाचे दोन थर चिकटवतो, दहा दिवसांत काम संपेल असे सांगितले आणि कापडाचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. काळे, चकचकीत, रेशमासारखे मऊ कापड, आणि ते पोलादापेक्षा कितीतरी पट ताण सोसते असे तो म्हणत होता. ते खोटे नव्हते. तरीही मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि सळई का गंजली हे न विचारता कोणी उपाय सांगितला की मला स्वस्थ बसवत नाही. मी त्याला थांबवले आणि विश्रामबागेतील एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांना गाठले.

त्यांनी पहिल्या भेटीत उपायाचा शब्दही काढला नाही. दोन दिवस त्यांची माणसे फक्त तपासण्या करत होती. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा पाहिला, ध्वनिलहरी एका बाजूने पाठवून दुसऱ्या बाजूला पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजले, तीन ठिकाणी काँक्रीटचे गोल नमुने कापून काढले आणि सळया कुठे व किती खोल आहेत याची यंत्राने खडूची रेघ मारत नोंद केली. पण मी खुर्ची ओढून बसले ती एका साध्या बाटलीसाठी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर त्यांनी फिनॉल्फ्थॅलिन फवारले. हे द्रावण मी शेकडो वेळा मुलांना अल्कली ओळखायला दिले आहे. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून त्यावर गर्द गुलाबी रंग चढतो, आणि त्याच अल्कधर्मीपणामुळे सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की तो अल्कधर्मीपणा संपतो आणि पापुद्रा निघून जातो. आमच्या तुळईत बाहेरून सुमारे 30 मिलिमीटरपर्यंत काँक्रीट रंगहीनच राहिले, गुलाबी रंग त्याच्या आत उमटला. आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण होते जेमतेम 18 मिलिमीटर. म्हणजे सळया कधीच्याच उघड्या पडल्यासारख्या होत्या, आपल्याला दिसत नव्हत्या एवढेच.

गंजायला त्यानंतर हवे असते पाणी, आणि ते पुराचे नव्हते. पुराचे पाणी तुळयांपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्याची खूण भिंतीवर तुळईच्या तळाच्या बरीच खाली आजही आहे. इंजिनिअरांनी तांबे आणि मोरचुदाच्या अर्धघटाने तुळईच्या लांबीवर दर फुटाला सळईचे विभव, म्हणजे विद्युतदाब, मोजले. पूर्व टोकाला आकडा उणे 170 मिलिव्होल्टच्या आसपास होता. पश्चिमेकडे सरकू लागलो तसा उणे 260, उणे 310 आणि शेवटच्या पाच फुटांत उणे 380 झाला. उणे 350 च्या पलीकडे गेले की तिथे गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. त्या पाच फुटांच्या बरोबर वर आमची न्हाणी आहे. तिच्या खालच्या खोलगट भागात विटांच्या तुकड्यांची भर होती आणि ती किती वर्षे ओली होती कोण जाणे. मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटले. कृष्णामाईला बोल लावून आम्ही मोकळे झालो होतो, आणि पाणी आमच्याच न्हाणीचे होते.

काँक्रीटच्या नमुन्यांची दाबशक्ती 18 ते 20 मेगापास्कल भरली (एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलोचा जोर). बांधकाम झाले त्या काळात सिमेंट, वाळू आणि खडीचे 1:2:4 चे मिश्रण सर्रास वापरत, त्यामानाने हे बरेच म्हणायचे. इंजिनिअरांना मात्र दुसऱ्याच कारणासाठी हायसे वाटले. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची 440.2आर ही मार्गदर्शिका या कामासाठी जगभर वापरतात. तिच्यानुसार ज्या काँक्रीटवर फायबर, म्हणजे असे धाग्यांचे कापड, चिकटवायचे त्याची दाबशक्ती किमान 17 मेगापास्कल असावी लागते. त्याखाली आकडा आला असता तर कापडाचा विचार सोडून तुळईभोवती सिमेंटचे नवे जॅकेट घालायला सांगितले असते, असे ते म्हणाले.

ही अट कशासाठी, हे त्यांनी मला वहीत आकडे मांडून दाखवले, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तिथेच आहे. कार्बनच्या धाग्याची ताणशक्ती 3500 मेगापास्कलच्या वर असते आणि तो तुटण्याआधी सुमारे दीड टक्का लांबतो. पण तुळईला चिकटवलेले कापड सहसा तुटतच नाही. त्याआधी त्याच्या मागची काँक्रीटची साल सुटते. आमच्या काँक्रीटच्या ताकदीवरून हिशेब केला तेव्हा त्या दीड टक्क्यातला जेमतेम अर्धा टक्का आणि थोडासा वर, एवढेच लांबणे वापरण्याची मुभा मिळाली. बाकीची ताकद धाग्यात असूनही आमच्या कामाची नाही, कारण ती पेलणारी पाठ आमच्या तुळईला नाही. थर वाढवले की प्रश्न सुटतो असेही नाही, उलट कापड जाड झाले की ते कमी ताणावर सुटते. पोलाद आधी ओघळल्यासारखे लांबते आणि धोक्याची सूचना देते, फायबरमध्ये तशी सूचना नसते. म्हणून दोन थरांपलीकडे जायचे नाही असे ठरले.

दुसरी अट मला अधिक आवडली. कापड उद्या आगीत गेले किंवा कोणी भिंतीला खिळे ठोकताना फाडले, तरी तुळई पडता कामा नये. यासाठी ती मार्गदर्शिका सांगते की कायमच्या भाराच्या (बांधकामाच्या स्वतःच्या वजनाच्या) 1.1 पट आणि वापराच्या भाराच्या (माणसे, सामान) 0.75 पट एवढा भार तुळईने कापडाविना पेलला पाहिजे. कापड चिकटवणारे इपॉक्सी साधारण साठ ते ऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते, त्यामुळे आगीत ते पहिल्या काही मिनिटांतच निकामी होणार हे धरून चालायचे. आमची उत्तरेकडची तुळई या कसोटीला अगदी थोडक्यात उतरत नव्हती. तेव्हा आधी तिच्यात नव्या सळया घालायच्या आणि मग कापड, असा क्रम ठरला. कंत्राटदाराने दहा दिवस सांगितले होते. इंजिनिअरांनी दोन महिने सांगितले. 1 फेब्रुवारी 2023 ला काम सुरू झाले.

पहिला आठवडा तुळईला कोणी हातच लावला नाही. आम्ही तिच्यावरचे ओझे उतरवत होतो. बाहेरून चिकटवलेले कापड फक्त ते चिकटल्यानंतर येणाऱ्या भारात वाटा उचलते. आधीपासून सळयांच्या मानगुटीवर बसलेला भार तिथेच राहतो आणि कापड त्याला शिवतही नाही. हे समजून घ्यायला मला एक रात्र लागली. मग मात्र मी वरच्या मजल्यावरची एकेक वस्तू त्या नजरेने पाहू लागले. वडिलांच्या पुस्तकांची तीन लोखंडी कपाटे खाली अंगणात नेली. न्हाणी फोडली. पाच फूट बाय सात फूट जागेत नऊ इंच जाडीची भर होती, आणि ओल्या विटांच्या त्या तुकड्यांचे वजन मी काढले तेव्हा ते सव्वा टनाच्या पुढे गेले. इतकी वर्षे हे तुळईच्या एकाच टोकावर होते. नंतर तिथे सायपोरेक्सचे, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे, हलके तुकडे भरले, खाली नीट वॉटरप्रूफिंग करून आणि तीन दिवस पाणी साठवून पाहून.

मग टेकू. आमच्या भागातली जमीन काळी आणि भुसभुशीत. लोखंडी प्रॉप नुसते फरशीवर उभे केले तर फरशीसह खाली जातात. म्हणून जाड सागवानी फळ्या आडव्या टाकून त्यावर प्रत्येक तुळईखाली पाच स्क्रू-जॅकचे प्रॉप उभे केले आणि तुळईच्या मध्याला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे मापक, लावून जॅक अगदी हळूहळू फिरवले. तुळई 1.5 मिलिमीटर वर उचलली आणि तिथे थांबले. त्याहून अधिक उचलणे म्हणजे वरच्या बाजूने नव्या चिरा पाडणे. दीड मिलिमीटर म्हणजे काय, तर पोस्टकार्डाच्या चार-पाच थरांइतके. पण त्या दीड मिलिमीटरमुळे सळयांवरचा बराचसा ताण उतरला होता.

फोडकाम मिस्त्रींनी छिन्नी-हातोडीनेच केले. मोठे ब्रेकर लावले तर चांगल्या काँक्रीटलाही आतून तडे जातात, असे त्यांचे म्हणणे. मिरज तालुक्यातले हे मिस्त्री मोजकेच बोलत आणि हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकत ठोकत पुढे सरकत. "बाई, ऐका," ते म्हणत, "हितं भरीव हाय आन् हितं डब्यावानी वाजतंय." मला वाटले होते की फुटका भाग तेवढा काढायचा, इंजिनिअरांनी मात्र तळाच्या सळया टोकापासून टोकापर्यंत मोकळ्या करायला लावल्या, त्याही सळईच्या मागे बोट जाईल इतक्या. अर्ध्या सळईभोवती नवा अल्कधर्मी मसाला आणि उरलेल्या अर्ध्या सळईभोवती जुने निर्जीव काँक्रीट असे ठेवले, तर एकाच सळईचा एक भाग ऋणाग्र आणि दुसरा धनाग्र बनून दुरुस्तीच्या कडेलाच नव्याने गंज धरतो. दुरुस्त केलेले काँक्रीट पाच वर्षांत शेजारी फुटते, ते बहुधा यामुळे.

सळया उघड्या पडल्यावर व्हर्निअर कॅलिपर मी स्वतः हातात घेतला. चार टॉर (पीळ दिलेल्या) सळया मूळच्या 16 मिलिमीटरच्या. तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केल्यावर पूर्व टोकाला त्या 15.8 भरल्या, न्हाणीखाली एक सळई 14.2 वर आली होती. दीड-पावणेदोन मिलिमीटर म्हणजे फार नाही असे वाटते, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटते. त्या ठिकाणी सळईचा एकवीस टक्के भाग नाहीसा झाला होता. सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची दशा त्याहून वाईट होती. त्या 6 मिलिमीटरच्या साध्या लोखंडाच्या. गंजाला बारीक सळई लवकर पुरी पडते, आणि तीन रिंगा तर खालच्या वळणावर तुटूनच गेल्या होत्या. आधाराजवळची तुळई कापली जाऊ नये यासाठी रिंगा असतात, आणि नेमक्या तिथल्याच रिंगा गेल्या होत्या. कंत्राटदाराच्या सल्ल्याने मी हे सगळे झाकून टाकले असते, हा विचार आजही माझी झोप मोडतो.

तुटलेल्या रिंगांना नव्या रिंगांचे तुकडे जोडले, 12 मिलिमीटरच्या दोन नव्या सळया घालून त्यांची टोके कॉलममध्ये भोके पाडून रसायनाने पक्की केली, सळयांना गंजरोधक लेप दिला आणि फळ्यांचा साचा बांधून 18 फेब्रुवारीला मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचे सहज वाहणारे काँक्रीट, ओतले. साच्याला एका बाजूने वरच्या अंगाला चोचीसारखे तोंड ठेवले होते. त्यातून मिश्रण पाण्यासारखे आत शिरून सळयांच्या मागेही भरत गेले. दक्षिणेकडच्या तुळईला एवढे सोसावे लागले नाही. तिच्या आवरणाचे काही भाग बदलले आणि झाले.

पुढचे अठ्ठावीस दिवस वाट पाहण्याचे. सात दिवस गोणपाटाने ओले ठेवायचे, मग सुकू द्यायचे, कारण ओल्या पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही. मधे दोन दिवस आभाळ आले आणि माझा जीव वरखाली झाला. या काळात ग्राइंडरने बाजूंचा जुना रंग, चुना आणि सिमेंटची कच्ची साय घासून काढून आतली खडी दिसेपर्यंत पृष्ठभाग खरखरीत केला. खालचे दोन्ही कोपरेही गोल करायचे होते. तुळईला खालून इंग्रजी यू अक्षरासारखे पट्टे गुंडाळायचे, तर काटकोनात वळलेला धागा भार येताच त्या धारेवर कापला जातो. निदान 13 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. उत्तरेकडच्या तुळईला ती मायक्रोकाँक्रीटच्या साच्यातच 20 मिलिमीटरची दिली होती. दक्षिणेकडे मात्र कोपरा घासायला गेले आणि जेमतेम दहा मिलिमीटरवर जुनी रिंग लखलखली. लगेच थांबवले आणि पॉलिमर मसाल्याने बाहेरून गोलाई चढवली.

उघडे लोखंड कापडाखाली राहू द्यायचे नाही, यामागेही माझ्या ओळखीचे विज्ञान होते. कार्बन वीज वाहून नेतो. शाळेत कोरडा विद्युतघट फोडून आतली कार्बनची कांडी आणि बाहेरचे खाल्ले गेलेले जस्ताचे डबडे आम्ही मुलांना दाखवत असू. जस्ताच्या जागी सळई आणली आणि ओल मिळाली, की तोच घट तुळईत तयार होतो आणि सळई खाल्ली जाते. म्हणून सळई आणि कार्बन यांच्यामध्ये मसाल्याचा आणि इपॉक्सीचा अखंड थर हवाच.

20 मार्चला पुल-ऑफ चाचणी झाली. तुळईच्या अंगावर पाच सेंटिमीटर व्यासाच्या धातूच्या चकत्या इपॉक्सीने चिकटवतात, त्यांच्या कडेने काँक्रीटमध्ये गोल खाच कापतात आणि त्या यंत्राने सरळ ओढून काढतात. किमान 1.4 मेगापास्कलपर्यंत चकती सुटता कामा नये. एवढ्याशा चकतीवर तो सुमारे 280 किलोचा जोर होतो. तळाच्या नव्या काँक्रीटवरच्या दोन्ही चकत्या 2 च्या वर गेल्या. न्हाणीखालच्या बाजूवरची चकती 0.9 वरच सुटून आली, आणि तिच्या पाठीला दोन मिलिमीटर जाडीचे जुने, पिठूळ काँक्रीट चिकटलेले होते. इपॉक्सीने आपले काम केले होते, काँक्रीटने हात सोडला होता. मिस्त्रींचा चेहरा उतरला, कारण मधे गुढीपाडवा होता आणि माणसे गावी जायची होती. इंजिनिअरांनी त्या अंगाचा चार फूट लांबीचा भाग आणखी पाच मिलिमीटर घासायला सांगितला. लोक पाडव्याला गेले ते काम संपवूनच, आणि परत आल्यावर 23 मार्चला तिथली नवी चकती 1.8 ला सुटली, तीही खडी फोडून.

25 मार्चला सकाळी साडेसहाला कापड लावायला सुरुवात झाली. आदल्या रात्री मी सगळे कापलेले पट्टे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिले होते. तळाचे दोन थर, आधारांजवळचे यू आकाराचे आठ-आठ पट्टे, दोन्ही तुळयांचे मिळून सव्वादोन किलो. 1991 साली स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर कार्बन फायबरच्या पट्ट्यांची पहिली दुरुस्ती झाली, तेव्हा 175 किलो पोलादी पट्ट्यांचे काम 6.2 किलो कार्बनने केले होते, असे मी वाचले होते. वाचले तेव्हा तो आकडा नुसताच मोठा वाटला होता. माझ्या पिठाच्या काट्यावरचे सव्वादोन किलो पाहून तो मला कळला. सांगलीच्या या गल्लीत पोलादी पट्ट्या वर चढवायला किती माणसे लागली असती!

सकाळची वेळ उन्हामुळे निवडली होती. इपॉक्सीचे दोन घटक वजनाने मोजून एकत्र केले की त्यांच्यातून उष्णता बाहेर पडते. बादलीत ते एकगठ्ठा राहिले तर स्वतःच्याच उष्णतेने अर्ध्या तासात दगड होतात. म्हणून थोडे थोडे करून ते पसरट ट्रेमध्ये ओतत होते. पृष्ठभागावर प्रायमर, खड्ड्यांना पुट्टी, मग रोलरने रेझिन (हेच ते इपॉक्सी), त्यावर कापड आणि पुन्हा रेझिन. धाग्यांची दिशा तुळईच्या लांबीने सरळ राहिली पाहिजे, कारण या कापडाला ताकद फक्त धाग्यांच्या दिशेने असते. दोघांनी कापड ताणून धरायचे आणि तिसऱ्याने खाचांच्या रोलरने मध्यापासून कडेकडे हवा ढकलत जायची. 0.167 मिलिमीटर जाडीचा तो काळा पट्टा रेझिन पिऊन चमकू लागला की तुळईला नवी कातडी आल्यासारखे दिसे. दुसऱ्या दिवशी यू पट्टे लागले आणि शेवटच्या थरावर, तो चिकट असतानाच, कोरडी वाळू फेकली, म्हणजे पुढे गिलावा धरावा.

आठवड्यानंतर मिस्त्रींनी दोन रुपयांच्या नाण्याने सबंध कापड ठोकून पाहिले. एका जागी, चार बाय सहा सेंटिमीटरच्या तुकड्यात, आवाज पोकळ आला. मार्गदर्शिकेत दोन चौरस इंचांपर्यंतची पोकळी सोडून देता येते. ही त्याहून मोठी होती. दोन बारीक भोके पाडून सिरिंजने रेझिन आत भरले. मिस्त्री ते काम इतक्या हळुवारपणे करत होते की लहान मुलाला इंजेक्शन देतो आहोत असे वाटावे.

3 एप्रिलला जॅक उतरवले. मध्यावरचा जॅक शेवटी, पाव फेरा, थांबायचे, पुन्हा पाव फेरा. डायल गेजवर तुळई 1.1 मिलिमीटर खाली आली आणि काटा स्थिर झाला. त्या वेळी गाळ्यात कोणी बोलत नव्हते.

भार-चाचणी झालीच पाहिजे असे नव्हते, पण मी ती मागितली आणि इंजिनिअरांनाही ती हवी होती. काँक्रीट बांधकामाच्या आपल्या आयएस 456 या संहितेनुसार वापराच्या भाराच्या सव्वापट भार चोवीस तास ठेवायचा. घरगुती वापराला चौरस मीटरला 200 किलो धरतात, त्याचे झाले 250, आणि एका तुळईच्या वाट्याला येणाऱ्या साडेसोळा चौरस मीटरचे चार टनांच्या थोडे वर. उत्तरेकडच्या तुळईवर वरच्या खोलीत दोनशे लिटरचे एकवीस ड्रम मांडले आणि महापालिकेच्या नळाने दोन दिवस भरले. खाली प्रॉप परत उभे केले, तुळईला न टेकता बोटभर खाली, काही झालेच तर झेलण्यासाठी. संहितेच्या सूत्राने आमच्या तुळईला सुमारे 2.6 मिलिमीटरपर्यंतचे वाकणे चालले असते. शेवटचा ड्रम भरला तेव्हा काटा 1.4 वर होता. रात्री दर दोन तासांनी मी जिना उतरून बॅटरीने गेज पाहत होते आणि आकडे वहीत लिहीत होते. सकाळी तो 1.6 वर होता आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही.

भार काढल्यावर तुळई 0.2 पर्यंत परत आली. पुण्याहून भाऊ ती चाचणी पाहायला आला होता. त्याने गेजवरचा आकडा दोनदा वाचला आणि मग गळक्या न्हाणीचा नवा नळ कोणी बसवला, हे विचारत वर गेला. सगळ्या खर्चात कापड आणि रेझिनचा वाटा चौथ्या हिश्शाहूनही कमी निघाला. बाकीचे पैसे न्हाणी, टेकू, फोडकाम, मायक्रोकाँक्रीट आणि तपासण्यांत गेले. ड्रममधले चार हजार लिटर पाणी वाया घालवायचे माझ्या जिवावर आले, म्हणून नळी लावून ते परसातल्या फणसाला, शेजारच्या अंगणाला आणि गल्लीच्या टोकाच्या वडाला दिले. शेवटचा ड्रम रिकामा व्हायला रात्रीचे नऊ वाजले.